अक्सुमच्या साम्राज्याचा उदय

आजच्या इथिओपियाच्या उत्तरेकडील तिग्राय पठारावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर अक्सुम नावाचे एक गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत ते एका मोठ्या साम्राज्याची राजधानी होते, आणि त्या साम्राज्याची सत्ता तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर चालत असे. तिसऱ्या शतकात इराणात नवा धर्म स्थापन करणाऱ्या मानीच्या शिकवणुकीचे जे ग्रंथ उरले आहेत, त्यांत जगातील चार महान राज्यांची गणना येते, आणि तीत इराण व रोम यांच्या जोडीने अक्सुमचे नाव घेतलेले आहे. ज्या काळी ही गणना झाली, त्या काळी अक्सुमचे राजे ख्रिस्ती नव्हते. ते महरम नावाच्या युद्धदेवतेला आपला पूर्वज मानत आणि तिच्या नावाने विजयशिळा उभारत. पुढे हे राज्य ख्रिस्ती झाल्यामुळे त्याच्या उदयाचे श्रेयही नव्या धर्माला देण्याचा प्रघात पडला, पण कालक्रम त्याला आधार देत नाही. अक्सुमला मोठेपण दिले ते पठारावरच्या शेतीने, हस्तिदंताने आणि समुद्रावरच्या व्यापाराने. धर्म आला तेव्हा हे मोठेपण प्रस्थापित होऊन शतके लोटली होती.

या भूमीत अक्सुमच्या आधीही नागरी वस्ती होती. अक्सुमच्या पूर्वेस येहा येथे इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील दगडी मंदिराच्या भिंती आजही उभ्या आहेत, आणि तेथील बांधकामावर व लेखांवर समुद्रापलीकडील दक्षिण अरबस्तानातील, म्हणजे आजच्या येमेनमधील सबा राज्याच्या संस्कृतीची स्पष्ट छाप आहे. या साम्यावरून अरब वसाहतवाल्यांनी आफ्रिकेत येऊन संस्कृती रुजवली, असे मत एके काळी सरसकट मांडले जाई. नव्या उत्खननांनंतर ते टिकण्यासारखे राहिलेले नाही, कारण स्थानिक मातीची भांडी, घरे आणि शेतीच्या पद्धती यांचे सातत्य त्याहून कितीतरी जुने आहे. दोन काठांवरच्या लोकांमध्ये दीर्घकाळ देवाणघेवाण झाली आणि पठारावरील लोकांनी तिच्यातून जे हवे ते उचलले, असेच पुराव्यावरून दिसते. गीझ ही अक्सुमची भाषा सेमिटिक कुळातील आहे आणि तिची लिपी दक्षिण अरबी लिपीपासून घडली. मात्र व्यंजनाच्या आकृतीतच थोडा बदल करून स्वर दाखवण्याची सोय या लिपीत चौथ्या शतकात झाली आणि ती मूळ दक्षिण अरबी लिपीत कधीच नव्हती.

पठाराचे भौगोलिक स्थान अक्सुमच्या पथ्यावर पडले. जून ते सप्टेंबर या काळात येणारा पाऊस, गहू, जव आणि टेफ नावाचे बारीक दाण्याचे धान्य, तसेच बैलांच्या नांगराची शेती यांमुळे तेथे दाट वस्ती पोसली जाऊ शकत होती. पश्चिमेला नाईलच्या खोऱ्याकडे हत्तींचे कळप होते आणि पूर्वेला कडा उतरून गेले की समुद्र लागत असे. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे पुस्तक लिहिले. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या खलाशांसाठी केलेले बंदरांचे व मालाचे वर्णन. त्यात अदुलिस हे अक्सुमचे बंदर, तेथून तीन दिवसांवर कोलोए हे हस्तिदंताच्या बाजाराचे पहिले शहर आणि त्यापुढे पाच दिवसांवर राजधानी, असा मार्ग दिला आहे. नाईलपलीकडचा सारा हस्तिदंत राजधानीत गोळा होऊन तेथून अदुलिसला येतो, अशी नोंदही आहे. झोस्कालेस नावाच्या तेथील राजाबद्दल लेखक सांगतो की तो पैशाच्या बाबतीत चिकट आणि आणखी मिळवण्यासाठी टपलेला असला, तरी एरवी सरळ होता आणि ग्रीक लिहिण्यावाचण्यात मुरलेला होता. पहिल्या शतकातील आफ्रिकी राजाचे ग्रीक ज्ञान हा केवळ शोभेचा अलंकार नव्हता, कारण त्या काळी तांबड्या समुद्रावरचे करारमदार आणि हिशेब ग्रीक भाषेतच होत असत.

अदुलिसच्या आयातीची यादी मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. अरियाके प्रदेशातून, म्हणजे गुजरात व उत्तर कोकणाच्या बाजूने, तेथे भारतीय लोखंड व पोलाद, रुंद पन्ह्याचे सुती कापड, कमरपट्टे, थोडी मलमल आणि लाखेचा रंग जात असे. याच पुस्तकात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात, पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांवर घाटाखाली येणाऱ्या मालाचा उल्लेख येतो, आणि अरियाकेचा राजा म्हणून ज्याचे नाव दिले आहे तो बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षहरात क्षत्रप नहपान होय. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख आहेत तोच हा नहपान, आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर राजमुखाभोवती ग्रीक अक्षरे कोरलेली आहेत. नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भारताकडे यायचे आणि ईशान्य वाऱ्यावर परत फिरायचे या क्रमाने चालणाऱ्या एकाच व्यापाराची ही दोन टोके होती, आणि दोन्ही टोकांच्या राजांना परदेशी व्यापाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांची गरज भासली होती. तिग्रायमधील देब्रे दामो या मठाच्या परिसरात १९४० साली कुषाण राजांची शंभरहून अधिक सोन्याची नाणी सापडली. ती तेथे कोणत्या हातांनी पोहोचली हे नाण्यांवरून सांगता येत नसले, तरी भारताशी असलेल्या व्यवहाराची पातळी त्यांवरून कळते.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत अक्सुमचा विस्तार सुरू झाला. गदरत नावाचा राजा इ.स. २००च्या सुमारास दक्षिण अरबस्तानच्या राजकारणात उतरलेला दिसतो, आणि तेथील शिलालेखांत हबशी सैन्याचे उल्लेख त्यानंतर वारंवार येऊ लागतात. याच सुमारास नाईलकाठचे मेरोए राज्य क्षीण होत चालले होते, आणि आफ्रिकेच्या अंतर्भागातील माल नदीऐवजी तांबड्या समुद्राकडे वळल्याने अक्सुमचा लाभ वाढत गेला. जिंकलेल्या प्रदेशांतील लहान राजांना गादीवरून न हटवता त्यांच्याकडून खंडणी घ्यायची आणि स्वतःला राजांचा राजा म्हणवायचे, अशी या राज्याची घडण होती. ‘नेगुसा नागास्त’ हे बिरूद पुढे विसाव्या शतकापर्यंत इथिओपियाच्या सम्राटांनी मिरवले. बंड करणाऱ्यांना कधी कधी दूर नेऊन वसवले जाई. चौथ्या शतकातील एका लेखात बेजा या भटक्या पशुपालक जमातीचे सहा नायक आणि त्यांचे सुमारे ४,४०० लोक यांना दुसऱ्या प्रांतात हलवल्याची, वाटेत त्यांना भाकरी, मांस आणि पेय पुरवल्याची व गुरे दिल्याची तपशीलवार नोंद आहे. एवढी माणसे महिनोनमहिने चालवत नेऊन त्यांना पोसणे हे कोठारे, कारकून आणि शिस्त असल्याशिवाय जमणारे काम नाही.

या वैभवाची दोन साधने आजही पाहता येतात: शिलास्तंभ आणि नाणी. शिलास्तंभ राजघराण्याच्या भूमिगत थडग्यांवर उभारलेले आहेत आणि त्यांतील मोठे स्तंभ बहुमजली वाड्यांच्या आकारात घडवलेले आहेत. तळाशी दगडातच कोरलेले बंद दार आहे आणि त्यावर कुलूपही कोरले आहे; त्यावर मजल्यामागून मजला खिडक्यांच्या रांगा येतात; आणि अक्सुमच्या खऱ्या इमारतींत भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडी तुळयांची गोल टोके या स्तंभांवरही ओळीने कोरलेली दिसतात. सर्वांत मोठा स्तंभ ३३ मीटर लांबीचा आणि सुमारे ५२० टन वजनाचा असून त्यावर तेरा मजले दाखवले आहेत. तो उभारताना किंवा उभारल्यानंतर लवकरच कोसळला असावा, आणि आज तो तुटलेल्या अवस्थेत जमिनीवर पडून आहे. हा दगड सुमारे चार किलोमीटरवरच्या गोबेद्रा टेकडीच्या खाणीतून आणलेला होता. २४ मीटरचा दुसरा एक स्तंभ मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ साली रोमला नेला. तो परत मिळवण्यासाठी इथिओपियाला २००५ सालापर्यंत वाट पाहावी लागली, आणि २००८ साली तो मूळ जागी पुन्हा उभा राहिला.

नाणी हा त्याहून बोलका पुरावा आहे. इ.स. २७०च्या सुमारास एंदुबिस राजाने नाणी पाडण्यास आरंभ केला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस त्या काळी स्वतःची नाणी पाडणारे दुसरे राज्य नव्हते, आणि सोन्याची नाणी पाडणे हा तर रोम, इराण व भारतातील मोजक्या सत्तांचाच अधिकार समजला जात असे. आकाराने लहान असणाऱ्या या सुवर्णनाण्यांवर राजाचा अर्धपुतळा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना धान्याच्या लोंब्या कमानीसारख्या वर वळलेल्या असतात, आणि माथ्यावर चंद्रकोर व चकती हे जुन्या देवतांचे चिन्ह असते. चांदीच्या व तांब्याच्या काही नाण्यांवर राजमुखाभोवतीच्या चिमुकल्या जागेत सोन्याचा मुलामा दिलेला आहे. नाण्याचे मूल्य त्या मानाने किरकोळ असताना प्रत्येक नगावर इतके कष्टाचे काम करणारी टांकसाळ प्राचीन जगात अन्यत्र आढळत नाही. सोन्यावरची अक्षरे जवळजवळ नेहमी ग्रीक राहिली, कारण ते नाणे समुद्रापार जायचे होते; चांदी-तांब्यावर मात्र क्रमाक्रमाने गीझ अक्षरे आली.

चौथ्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात एझाना राजाच्या नाण्यांवरून चंद्रकोर व चकती नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी क्रूस आला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यानंतर अवघ्या एका पिढीत हे घडले, आणि क्रूसाला नाण्यावर इतके ठळक स्थान देणाऱ्या पहिल्या राज्यांत अक्सुमची गणना होते. या धर्मांतराची हकीकत रुफिनस या लॅटिन इतिहासकाराने नोंदवली आहे, आणि ती आपण त्या घटनेतील एका पात्राच्याच तोंडून ऐकली असे तो म्हणतो. टायर शहरातील मेरोपियस नावाचा तत्त्वज्ञ फ्रुमेंशियस व एडेसियस या दोन मुलांना घेऊन प्रवासास निघाला असता परतीच्या वाटेवर पाणी व अन्नासाठी एका बंदरात थांबला. तेथील लोकांनी जहाजावरच्या माणसांना ठार केले, पण मुलांना जिवंत ठेवून राजाकडे नेले. एडेसियस राजाचा पेयपात्र सांभाळणारा सेवक झाला आणि फ्रुमेंशियसकडे हिशेब व पत्रव्यवहार सोपवला गेला. राजा वारल्यावर राजपुत्र अल्पवयीन असल्यामुळे राणीने कारभारात फ्रुमेंशियसची मदत घेतली, आणि त्याने राज्यात येणाऱ्या रोमन व्यापाऱ्यांतील ख्रिस्ती लोकांना शोधून त्यांना प्रार्थनेसाठी जागा मिळवून दिल्या. पुढे तो अलेक्झांड्रियाला गेला असता तेथील धर्मप्रमुख अथनेशियस याने त्यालाच बिशपपदाची दीक्षा देऊन परत पाठवले. इथिओपियन परंपरा त्याला ‘अब्बा सलामा’, म्हणजे शांतीचा पिता, या नावाने ओळखते.

या कथेतील काही भाग पुराणाच्या ढंगाचा असला, तरी तिचा गाभा खरा मानण्यास भक्कम आधार आहे. रोमन सम्राट कॉन्स्टँशियस दुसरा याने इ.स. ३५६-५७च्या सुमारास एझाना व त्याचा भाऊ साझाना यांना लिहिलेले पत्र अथनेशियसच्या लेखनात जपले गेले आहे. हा सम्राट एरियसच्या मताकडे झुकलेला होता. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नसून त्याने निर्माण केलेला आहे, असे ते मत होते आणि अथनेशियस त्याचा कट्टर विरोधक होता. फ्रुमेंशियसची मते तपासण्यासाठी त्याला अलेक्झांड्रियातील नव्या, सम्राटाच्या मर्जीतील धर्मप्रमुखाकडे पाठवावे, अशी मागणी या पत्रात केली होती. अक्सुमने ती मानल्याचे कोठेही दिसत नाही, आणि इथिओपियाचे चर्च पुढे अथनेशियसच्याच परंपरेत राहिले. रोमच्या सम्राटाला आज्ञेऐवजी पत्राने विनंतीवजा मागणी करावी लागली, यातच अक्सुमचा दर्जा दिसून येतो, आणि या साम्राज्याला रोमच्या इतिहासाचे परिशिष्ट मानणाऱ्या लेखकांनी हे पत्र पुन्हा वाचावे.

एझानाच्या शिलालेखांत धर्मांतराचा वेग आणि त्यातील सावधपणा दोन्ही दिसतात. त्याच्या आरंभीच्या लेखांत तो स्वतःला महरमचा पुत्र म्हणवतो, आणि ग्रीक पाठात महरमच्या जागी ग्रीकांचा युद्धदेव एरीस येतो. नंतरच्या, नाईलकाठच्या नोबा व कासू लोकांवरील मोहिमेच्या गीझ लेखात विजयाचे श्रेय ‘स्वर्गाच्या स्वामी’ला दिले आहे, ख्रिस्ताचे नाव तेथे नाही. १९६९ साली प्रकाशात आलेल्या एका ग्रीक लेखात मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा उघड उच्चार आहे. परदेशी व्यापारी व पाद्री जे वाचणार त्या भाषेत राजा निःसंदिग्धपणे ख्रिस्ती होता, आणि जुन्या देवांना मानणारी प्रजा जे ऐकणार त्या भाषेत तो सर्वांना चालेल असा शब्द वापरत होता, हा निष्कर्ष टाळता येत नाही. या धोरणाला दुटप्पीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तलवारीच्या जोरावर प्रजेचा धर्म बदलण्याऐवजी राजाने दीर्घ मुदतीची वाट निवडली, आणि तिचे फळ टिकाऊ ठरले. त्यानंतरच्या काही तांब्याच्या नाण्यांवर राजाचे नाव न घालता, हे देशाला पसंत पडो, अशा अर्थाची ओळ क्रूसाभोवती कोरलेली दिसते. महाकाय शिलास्तंभ उभारण्याची प्रथाही याच काळात थांबली. येहाजवळ बेता समाती येथे सापडलेल्या, चौथ्या शतकातील चर्चच्या अवशेषांत ख्रिस्ती चिन्हांच्या बरोबरीने जुन्या श्रद्धांच्या वस्तूही मिळाल्या आहेत.

खेड्यापाड्यांत धर्म पोहोचवण्याचे काम पाचव्या शतकाच्या अखेरीपासून मठांनी केले. परंपरेनुसार रोमन साम्राज्याच्या पूर्व भागातून आलेल्या ‘नऊ संतां’नी हे मठ स्थापन केले. देब्रे दामो हा त्यांपैकी एक असून तेथे जायला आजही कातड्याच्या दोराला धरून उभ्या कड्यावर चढावे लागते. याच काळात बायबलचे ग्रीकमधून गीझमध्ये भाषांतर पूर्ण झाले. हनोखाचे पुस्तक हा प्राचीन यहुदी ग्रंथ इतर भाषांत तुटक तुकड्यांच्या रूपात उरला आहे. तो संपूर्ण टिकला तो केवळ गीझ भाषेत. अदवा गावाजवळच्या अब्बा गरिमा मठातील चित्रमय शुभवर्तमानांच्या चर्मपत्रांचा काळ कार्बन चाचणीने पाचव्या-सहाव्या शतकांच्या आसपासचा ठरला आहे, आणि जगातील सर्वांत जुन्या सचित्र ख्रिस्ती पोथ्यांत त्यांचे स्थान आहे.

साम्राज्याच्या सत्तेचा कळस सहाव्या शतकात कालेब राजाच्या कारकिर्दीत झाला. येमेनमधील हिम्यर राज्याचा यहुदी धर्म स्वीकारलेला राजा यूसुफ याने इ.स. ५२३ साली नजरान येथील ख्रिस्ती लोकांची कत्तल केली, आणि रोमन सम्राट जस्टिनच्या आग्रहावरून कालेबने ५२५ साली समुद्र ओलांडून हिम्यर जिंकले. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी इ.स. ४५१च्या चाल्सीडॉन धर्मसभेचा निर्णय जस्टिनला मान्य होता, तर इजिप्तच्या व इथिओपियाच्या परंपरेने तो नाकारलेला होता. तरीही इराणच्या मित्रांना तांबड्या समुद्रावरून हटवण्यासाठी दोघे एकत्र आले. या मोहिमेची तयारी चालू असतानाच अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस अदुलिस येथे होता, आणि तेथील संगमरवरी सिंहासनावरचा जुना लेख त्याने राजासाठी उतरवून घेतला. त्यानेच अक्सुमच्या सोन्याच्या व्यापाराचे वर्णन केले आहे: एक वर्षाआड पाचशेहून अधिक व्यापारी बैल, मीठ व लोखंड घेऊन सासू नावाच्या प्रदेशात जात, काट्यांचे कुंपण घालून त्यावर मांसाचे तुकडे, मीठ व लोखंड मांडत, आणि स्थानिक लोक हव्या त्या वस्तूवर सोन्याचे खडे ठेवून मागे सरत; मोबदला पटला तर व्यापारी सोने उचलत, नाही तर तसेच सोडून वाढीची वाट पाहत, आणि हा सारा व्यवहार एक शब्दही न बोलता होत असे. याच कॉस्मसने भारताच्या किनाऱ्यावरील कल्लियाना बंदरातून तांबे, लाकूड व कापड निर्यात होते आणि तेथे इराणहून नेमलेला बिशप असतो, असे लिहिले आहे, आणि हे बंदर म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इ.स. ५३१च्या सुमारास सम्राट जस्टिनियनने अक्सुमकडे दूत पाठवून भारतीय व्यापाऱ्यांकडून रेशीम विकत घेऊन ते रोमला पुरवावे, अशी योजना मांडली. ती फसली, कारण भारतीय जहाजे ज्या बंदरांत येत तेथे इराणी व्यापारी आधीच पोहोचून सारा माल उचलत असत. येमेनमधील अक्सुमचा सरदार अब्रहा लवकरच स्वतंत्र झाला, ५७०च्या दशकात इराणने येमेन घेतले, आणि सातव्या शतकात अरबांच्या उदयानंतर तांबड्या समुद्राचा व्यापार दुसऱ्यांच्या हाती गेला. अदुलिस ओस पडले आणि नाणी पाडणे बंद झाले. समुद्रावर उभारलेले वैभव समुद्राबरोबर गेले. पठारावरची शेती, गीझ भाषा आणि चर्च मात्र उरले, आणि पुढच्या प्रत्येक राजघराण्याने आपला अधिकार अक्सुमशी नाते जोडूनच सांगितला. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी ज्या भूप्रदेशाशी मूळ नाते सांगतात, त्याचा हा प्राचीन इतिहास मराठीत फारच थोडा लिहिला गेला आहे. फ्रुमेंशियसला अलेक्झांड्रियाने दीक्षा दिली तेव्हापासून इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख इजिप्तमधून पाठवण्याची रीत पडली. ती सोळा शतके चालली, आणि १९५९ साली अबुना बसिलिओस हे इथिओपियाचे स्वतःचे पहिले कुलपिता झाले.